परतीचा सामना

सोप्या सामन्याच्या दिवशी काका घरी बसून निषेध करायचे. निषेधाची पद्धत ठरलेली होती. उन्हं कलली की ते मागच्या अंगणात जायचे, रबरी नळी उचलायचे आणि लिंबाच्या झाडाला पाणी घालत उभे राहायचे. टीव्ही बंद, फोन ओट्यावर पालथा. तिकडे विद्यापीठाची मुलींची बास्केटबॉल टीम कुठल्याशा बारक्या कॉलेजला धुऊन काढत असे आणि इकडे लिंबाच्या बुडात चिखल होत असे.

"अहो, मरेल ते झाड," काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायच्या.

"मरत नाही. टफ होतंय," काका म्हणायचे.

मी तेव्हा अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला नवीन होते. अकोल्याला इंजिनियरिंग करून पुढं शिकायला आले होते आणि काका-काकूंच्या घरातली पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती. काका मूळचे मिरजेचे. सगळी नोकरी एका चिप कंपनीत करून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत आणि अंगात टीमचा लाल लोकरी स्वेटर. ॲरिझोनात नोव्हेंबरातही पंखा लागतो, पण सीझन सुरू झाला की स्वेटर चढायचाच. तो घालून घामाघूम होत ते कोथिंबीर आणायला जायचे आणि दुकानातली पोरं त्यांना बर्फाचं पाणी द्यायची.

पहिल्या दिवशी माझ्या बॅगा अजून दारातच होत्या, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बास्केटबॉल कळतो का गं?"

"नाही काका."

"उत्तम. म्हणजे वाईट सवयी नाहीत. आपण शेड्यूलपासून सुरू करू."

आणि त्यांनी खरंच सुरू केलं. "हे बघ. इथं कॉलेजांचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणायचं. जानेवारी उजाडला की गटातल्या गटात खेळावंच लागतं, तिथं चॉइस नाही. पण त्याच्या आधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, कोणाशी खेळायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. हे नॉन-कॉन्फरन्स. माणूस कळतो तो इथं. लेचेपेचे लोक दुबळ्यांना घरी बोलावतात, बदडतात आणि फोटो काढून घेतात. मग जानेवारीत खरी टीम समोर आली की ह्यांचे पाय लटपटतात. म्हणून आधीच मोठ्यांच्या दारात जायचं. मार खायचा. हरलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. जिंकून काय कळतं? काही नाही."

मी मान डोलावली. बॅगा दारातच होत्या. शेवटी काकूंनी त्या आत नेल्या.

उन्हाळ्यात टीमचं नवं शेड्यूल जाहीर व्हायचं, त्या दिवशी घरात दहावीच्या निकालाचं वातावरण असायचं. काका चष्मा पुसून मोठ्यानं वाचायचे. "हे घे. पहिलाच सामना. कोण? ह्या गावाचं नाव ऐकलंयस? मीपण नाही. दुसरा सामना. हे कोण? अगं, ह्यांचा कोच बहुतेक बसपण स्वतःच चालवत असेल." मग कॉम्प्युटरपुढं बसून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला ईमेल. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर', मधे शेड्यूल किती मऊ आहे ह्याचा पंचनामा आणि शेवटी 'काइंडली डू द नीडफुल'. इतकी वर्षं अमेरिकेत काढून काकांचा ईमेल तहसीलदाराला अर्ज केल्यासारखाच निघायचा. उत्तर दरवर्षी यायचं. आपल्या उत्साहाबद्दल आभार, आणि सोबत मुलांचे वाढदिवस स्टेडियममध्ये साजरे करण्याची खास सवलत. काकांच्या मते ही शुद्ध पळवाट होती.

हे शेड्यूलचं खूळ बास्केटबॉलपुरतं राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण काकांनी मला गाडी शिकवायला घेतली ती थेट फ्रीवेवर, ऑफिसं सुटायच्या वेळी. डावीकडे ट्रक, उजवीकडे ट्रक, मागून कोणीतरी भोंगा वाजवतंय, आणि शेजारी काका शांतपणे म्हणतायत, "छान. आता लेन बदल." घरी आल्यावर मी किल्ली काकूंच्या हातात दिली. पुढच्या रविवारी सकाळी काकूंनी मला देवळाच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये नेलं, स्वतः पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "इथं कोणी नाही. हव्या तेवढ्या चुका कर." गाडी मी तिथं शिकले. लायसन्स मिळालं त्याचं श्रेय मात्र काकांनी घेतलं आणि मी ते घेऊ दिलं, कारण ते इतके खूश होते की त्यांनी लाल स्वेटरवर पेढे सांडले.

त्यांचा दुसरा नियम परतीच्या सामन्याचा. आपण कोणाकडे जेवायला गेलो की त्यांना आपल्याकडे बोलवायचंच. मराठी मंडळात काकांच्या जिभेला घाबरणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या घरी जेवलेला नाही असा एकही नव्हता. "मोठ्या टीमा हेच करत नाहीत," ते वरण वाढता वाढता म्हणायचे. "लहान कॉलेजाला घरी बोलावतात, ठोकतात, टाटा करतात. त्यांच्या गावी परत खेळायला कधी जात नाहीत. ही काय रीत झाली? भात घ्या अजून." पाहुणे मुकाट्यानं भात घ्यायचे.

सीझनची दोन तिकिटं काका दरवर्षी घ्यायचे. टफ सामन्याला ते स्वतः जायचे. सोप्या सामन्याला ते नळी घेऊन अंगणात, म्हणून मग काकू आणि मी. जागा झकास होत्या. अगदी मधोमध, आपल्या टीमच्या राखीव पोरी बसतात त्या बाकाच्या बरोबर समोर. पण काकूंचं खेळाकडे लक्षच नसायचं. फोनवर लोणच्याच्या रेसिपी बघायच्या, डुलकी काढायच्या. सामना संपत आला, आपण भरपूर पुढं असलो आणि कोचनं बाकावरच्या पोरींना आत पाठवलं, की मात्र काकू ताठ बसायच्या. ज्यांची नावं कोणाला ठाऊक नसत अशा त्या पोरींसाठी तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवायच्या. तोवर निम्मं स्टेडियम पार्किंगकडे निघालेलं असायचं.

एकदा मी न राहवून विचारलं, "काकू, सामना तर संपला. आता काय बघताय?"

"आत्ता तर सुरू झाला," त्या म्हणाल्या. आणि मग, समोरच्या बाकावरची नजर न काढता, त्यांनी मला सांगितलं.

त्यांची मुलगी ह्याच टीममध्ये होती. काकांनीच तिला लहानपणी गराजच्या दारावर बास्केट लावून दिली होती. पोरगी चपळ होती, हाताला नेम होता, उंची तेवढी कमी. एका लहान कॉलेजनं तिला बोलावलं होतं. तिथं गेली असती तर पहिल्या दिवसापासून खेळली असती आणि तिला तिथंच जायचं होतं. काका म्हणाले, जिथं टफ लोक आहेत तिथं जायचं. ती इथं आली. टीममध्ये बसण्याइतकी चांगली ठरली, पण कोर्टवर उतरण्याइतकी नाही. चारही वर्षं त्या समोरच्या बाकावर बसली.

"तिला आत पाठवायचे ते फक्त सोप्या सामन्यात," काकू म्हणाल्या. "शेवटी. आता ह्या पोरींना पाठवलंय तसं. आणि त्या दिवशी हे घरी. तत्त्व म्हणजे तत्त्व! स्वतःच्या पोरीसाठी मोडलं तर लोक काय म्हणतील? कोण लोक, मी म्हणते. लिंबाचं झाड?"

मी समोरच्या बाकाकडे पाहिलं.

"टफ सामन्यांना हे इथंच बसायचे, तिच्याकडे बघत. ती तिथं बसलेली, हे इथं बसलेले. तिनं ह्या कोर्टवर टाकलेला एकूण एक बॉल मी पाहिलाय. ह्यांनी एकही नाही."

एवढ्यावरही भागलं असतं. पण तिच्या शेवटच्या वर्षी शेड्यूल खरोखरच टफ झालं. ते काही काकांच्या ईमेलमुळं झालं नसणार, पण ज्या दोन-चार सामन्यांत तिला आत जायला मिळालं असतं तेच गेले. आणि एक दिवस प्रॅक्टिस संपल्यावर कोचनं पोरींना हसवायला म्हणून एका वेड्या चाहत्याचा ईमेल वाचून दाखवला. पहिले दोनच शब्द ऐकले आणि तिला कळलं की हा आपला बाप. पोरी पोट धरून हसल्या. हीपण हसली. घरी येऊन मात्र काकांना एवढंच म्हणाली, "बाबा, सोपे सामने माझे होते."

शिक्षण संपल्यावर ती नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेली. मॉरिसव्हिलला घर केलं, जवळच्या एका छोट्या कॉलेजात मुलींच्या टीमची असिस्टंट कोच झाली.

"मग काका आता तरी का येत नाहीत सोप्या सामन्यांना?" मी विचारलं.

"आता आले, तर तेव्हा का नाही आले ह्याचं उत्तर द्यावं लागेल ना," काकू म्हणाल्या आणि पुन्हा टाळ्या वाजवायला लागल्या.

तेव्हा मला रविवारचं कोडं उलगडलं. दर रविवारी काकू व्हिडिओ कॉलवर मुलीशी, मी तिला ताई म्हणायचे, बोलायच्या आणि काका फोनच्या मागच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा खुर्चीवर, लसूण सोलत बसायचे. त्यांना इतका लसूण लागतो तरी कशाला असं मला वाटायचं. "तिला विचार, थंडी पडली का." काकू विचारायच्या. "बाबाला सांग, पडली." "तिला विचार, गाडीचे टायर बदलले का." "त्याला सांग, बदलले." भांडण नव्हतं. नुसतं काकूंच्या मार्फत चाललेलं असायचं, वर्षानुवर्षं. मला त्या माणसाचा राग यायचा आणि लगेच त्याच्या पुढ्यातला लसणाचा ढीग बघून गलबलून यायचं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या उन्हाळ्यात शेड्यूल जाहीर झालं. काकांनी चष्मा पुसला, वाचायला सुरुवात केली, "पहिलाच सामना, हे घे, कोण..." आणि थांबले. नॉर्थ कॅरोलायनातलं एक छोटं कॉलेज. फोन खाली ठेवून ते भर दुपारी, बाहेर भट्टी पेटलेली असताना, झाडाला पाणी घालायला गेले.

रविवारी ताई काकूंशी बोलली, पण आवाज जरा चढवून, फोनच्या मागं बसलेल्याला ऐकू जाईल असा. "आई, आमचं शेड्यूल आता मी करते. बाबाला सांग, हा आमच्या सीझनमधला सगळ्यात टफ गेम आहे. अवे गेम, तुमच्या गावात. आय आस्क्ड फॉर इट. त्याला असंच शेड्यूल आवडतं ना?"

काकांनी मान वर केली नाही. पण लसूण सोलायचे थांबले.

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की काका ज्याला सोपा सामना म्हणत आले, तो समोरच्या टीमसाठी वर्षातला सगळ्यात अवघड सामना असतो. इतका साधा हिशेब इतक्या हुशार माणसाच्या ध्यानात कसा आला नाही? कदाचित आला असेल. मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न होता, काका जाणार का नळी उचलणार. तो कोणी उच्चारत नव्हतं. दिवाळी आली. काकूंनी ताईसाठी बेसनाचे लाडू वळले. काकांनी एक खाल्ला, म्हणाले, "तिला वेलदोडा जास्त लागतो," आणि स्वतः वेलदोडे कुटून आणले. काकूंनी सगळे लाडू मोडून पुन्हा वळले.

सामन्याच्या दिवशी मी लॅबमधून धावतपळत घरी आले. आधी मागं जाऊन पाहिलं. नळी भिंतीवरच्या खुंटीला होती आणि लिंबाचं बूड कोरडं होतं. पुढं आले तर काका गाडीपाशी उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट. स्वेटर नाही.

"काका, स्वेटर?"

"गरम होतं गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा गरम झालं होतं.

तिकिटं दोन आणि माणसं तीन, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. काकूंनी पर्समधून तिसरं तिकीट काढून दाखवलं. ते त्यांनी शेड्यूल लागलं त्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं.

स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते, म्हणून लाडू पारदर्शक पिशवीत भरले होते. दारावरच्या बाई म्हणाल्या, पिशवी चालेल, लाडू चालणार नाहीत, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. काका नियमावर भाषण ठोकायच्या बेतात होते. काकूंनी त्यांना मागं सारलं. "फॉर द कोच," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मदर." बाईंनी काकूंकडे पाहिलं, पिशवी आपल्या टेबलावर ठेवून घेतली आणि म्हणाल्या, सामना संपल्यावर इथूनच घ्या, कोणाला हात लावू देणार नाही.

जागेवर बसल्याबरोबर काकांची नजर सवयीनं समोरच्या आपल्या बाकाकडे गेली. मग त्यांनी ती ओढून बाजूच्या पाहुण्यांच्या बाकाकडे नेली. तिथं एक ठेंगणी, काळ्या कोटातली बाई हातवारे करत ओरडत होती. बोटं दाखवत होती, चवड्यांवर उसळत होती, पोरींना जवळ घेऊन काहीतरी सांगत होती.

"ती बसतच नाही," काका म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "अगं, ती बसतच नाहीये."

काकूंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ताईच्या पोरींनी सुरुवातीला आपल्या टीमला चांगलंच झुंजवलं. मग हळूहळू दम संपला आणि सामना हातातून गेला. लोक उठायला लागले. आपल्या कोचनं बाकावरच्या पोरी आत पाठवल्या आणि ताईनंही तिच्या बाकावरच्या पाठवल्या. काका उभे राहिले. मागच्या रांगेतून कोणीतरी बसा म्हणालं, पण ते शेवटपर्यंत उभेच होते आणि दोन्ही टीमच्या त्या शेवटच्या पोरींसाठी टाळ्या वाजवत होते. शेजारी काकूही वाजवत होत्या, नेहमीसारख्या. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

सामना संपल्यावर दारावरच्या बाईंकडून लाडू घेतले आणि आम्ही कठड्यापाशी गेलो. ताई आली. आवाज बसला होता, इतकी ओरडली होती.

"हाय बाबा."

"डिफेन्स चांगला होता," काका म्हणाले. हात पाठीमागं, परीक्षकासारखे.

"मग आम्ही दमलो."

"दमणारच. शेड्यूल फार टफ ठेवलंस."

"तू हे म्हणतोयस?" ताई हसली.

काका हसले नाहीत. त्यांनी हात पुढं आणून कठडा धरला. "सोपे सामने तुझे होते," ते म्हणाले. "मी यायला पाहिजे होतं. एकदा नाही, सगळ्यांना. मी चुकलो, बेटा."

माझ्यासमोर हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. मी तिथून सरकायला बघत होते, पण काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. ताईनं लाडवांची पिशवी उघडली, एक तोंडात टाकला.

"वेलदोडा," ती म्हणाली.

"ह्यांनी कुटला," काकू म्हणाल्या.

ताईनं बाहीनं डोळे पुसले. "बाबा, ही तुमची टीम आमच्याकडे रिटर्न गेमला कधी येणार नाही. बिग टीम्स नेव्हर डू."

"नाहीच येत. मी त्याबद्दल ईमेल केलेत त्यांना."

"आय नो. रिस्पेक्टेड सर."

आधी काकू हसल्या, मग मी, मग ताई आणि शेवटी काका, ओल्या डोळ्यांनी, कान लाल करून.

"टीम नाही तर नाही," ताई म्हणाली. "तू ये."

पुढच्या रविवारी काका पहिल्यांदा फोनच्या पुढं येऊन बसले. इतके जवळ की पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं. लसूण नव्हता. "तुमच्या शेड्यूलमधला सगळ्यात सोपा सामना कोणता?" त्यांनी विचारलं. बोलणी खावी लागणार असं वाटून ताई सावध झाली. "का?" ती म्हणाली.

"त्याच दिवशी येतो," काका म्हणाले.

मी आता सांता क्लाराला नोकरी करते. काका मला अजूनही फोन करतात, माझ्या मॅनेजरचं शेड्यूल मऊ आहे म्हणून सुनावतात. पण त्या डिसेंबरातला फोन मी विसरणार नाही. ते मॉरिसव्हिलजवळच्या त्या छोट्या जिममधून बोलत होते, मागं शिट्ट्या आणि बुटांची करकर.

"जिंकलो आपण!" ते ओरडत होते. "लाकडी बाकडी आहेत गं इथं, पाठ मोडली माझी. पण ऐक तर. शेवटी बाकावरची एक बारकी पोरगी आत आली. तिचा बाप माझ्याच शेजारी, फोनमध्ये डोकं घालून बसलेला. बॉल तिच्या हातात आला आणि मी त्याला कोपरानं असं ढोसलं! म्हटलं, सर, लुक अप. युवर डॉटर."

"मग? त्यांनी पाहिलं?"

"पाहिलं," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तिनं टाकला, आत गेला, आणि त्यानं पाहिलं. मी त्याला चुकू दिलं नाही."